१२३४५६७८९८७६५४३२१ : एका मोठ्या संख्येचे गुणधर्म वहीत कसे काढावेत

नाशिकरोडला रविवारी सकाळी गणिताच्या स्पर्धांची तयारी करणारी काही मुले माझ्याकडे येतात. त्यांना मी दर वर्षी ही एकच सतरा अंकी संख्या देतो आणि सांगतो, "हिच्याबद्दल जे जे सिद्ध करता येईल ते लिहून आणा." पुढच्या रविवारी ज्या वह्या येतात त्यांत चुका बहुतेक त्याच असतात. कोणी अवयव पूर्ण न पाडताच विभाजक मोजलेले असतात, कोणी मोबाइलने गोल केलेल्या संख्येवर पान भरलेले असते, तर कोणी अंकांची सुबक रचना पाहूनच निष्कर्ष लिहून टाकलेला असतो. कृती येत नाही असे नसते. क्रम चुकतो, आणि एका टप्प्याचा पडताळा घेण्याआधीच पुढचा टप्पा सुरू होतो. म्हणून येथे क्रमच सविस्तर लिहिला आहे. अशा संख्यांना देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर डेम्लो संख्या म्हणत. नावाचा उल्लेख एवढ्यावरच थांबवून कामाला लागू.

तयारी

चौकटींची वही घ्यावी, एका चौकटीत एकच अंक लिहावा. रेघी वहीवर सतरा अंकांचा भागाकार केला की तिसऱ्या-चौथ्या ओळीत स्थाने सरकतात आणि चूक कोठे झाली ते नंतर सापडत नाही. उजवीकडचे पान फक्त बाक्यांसाठी राखून ठेवावे. ६०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी जवळ असावी. कॅल्क्युलेटर हवाच असेल तर तो सहा-सात अंकी भागाकारापुरता वापरावा, या सतरा अंकी संख्येवर नव्हे. कारण टप्पा २ मध्ये येईल.

टप्पा १ : संख्या उतरवणे आणि तिची ओळखपत्री करणे

संख्या उतरवून झाल्यावर अंक मोजावेत. ते सतरा भरले पाहिजेत. मग उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत :

१२ । ३४५ । ६७८ । ९८७ । ६५४ । ३२१

सावधान : लाख-कोटीच्या सवयीने आपण स्वल्पविराम १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ असे देतो. वाचायला ते बरोबर आहे, पण पुढच्या कसोट्यांना हे गट चालत नाहीत. या गटांची बेरीज ७२९ येते, तिला ३७ ने भागल्यावर २६ उरतात आणि ३७ हा अवयव हातातून निसटतो. कसोटीसाठीचे गट नेहमी तिनाचेच आणि नेहमी उजवीकडून मोजलेले असावेत.

आता राखून ठेवलेल्या पानावर चार बाक्या लिहाव्यात. अंकांची बेरीज ८१ आहे, म्हणून ९ ने भागल्यावर बाकी ०. उजवीकडून एक सोडून एक अंक घेतले तर एका रांगेची बेरीज ४१ आणि दुसरीची ४० येते, म्हणून ११ ने भागल्यावर बाकी १. तिनाचे गट उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे केले, म्हणजे ३२१ – ६५४ + ९८७ – ६७८ + ३४५ – १२ केले, की ३०९ येतात. १००१ म्हणजे ७ × ११ × १३ असल्याने याच एका ३०९ वरून ७ ची बाकी १, ११ ची पुन्हा १ आणि १३ ची १० मिळते. ११ ची बाकी दोन वेगळ्या वाटांनी सारखीच आली, हा पहिला पडताळा.

या चार बाक्या म्हणजे संख्येची ओळखपत्री. पुढे कोणत्याही पानावर संख्या पुन्हा लिहिली की ९ आणि ११ च्या बाक्या लगेच तपासाव्यात. केवळ नवाची कसोटी पुरत नाही, कारण शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी अंकांची बेरीज तीच राहते. अकराची कसोटी ती चूक पकडते. मागे एका मुलीच्या वहीत मधल्या ९ नंतरचा ८ दोनदा पडला होता. अठरा अंक, बेरीज ८९, म्हणून "३ ने भाग जात नाही" असा तिचा निष्कर्ष. त्या संख्येपुरता तो अगदी बरोबर होता, आणि त्यावर तिने दोन तास चोख काम केले होते. मोजणीला अर्धे मिनिट लागले असते.

टप्पा २ : यंत्र कोठवर विश्वासाचे आहे ते ठरवणे

दुकानात असतो तो बारा अंकी कॅल्क्युलेटर ही संख्या घेऊच शकत नाही, त्यामुळे निदान फसवत तरी नाही. फसवणूक होते ती संगणकावर. एक्सेलच्या चौकटीत ही संख्या टाकली तर पहिले पंधरा अंकच टिकतात आणि उरलेल्या जागी शून्ये येतात, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३००. जावास्क्रिप्टसारख्या भाषेतली साधी संख्या चौसष्ट बिटांच्या द्विमान 'फ्लोटिंग पॉइंट' रूपात साठवली जाते आणि त्या रूपात ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचा प्रत्येक पूर्णांक मावत नाही. आपली संख्या त्या मर्यादेपलीकडची आणि विषम असल्याने ती १२३४५६७८९८७६५४३२० होऊन बसते. विषम संख्या सम झाली की तिच्या विभाज्यतेबद्दल यंत्र सांगेल ते सगळे दुसऱ्याच संख्येबद्दलचे असते.

पायथॉनमध्ये पूर्णांक कितीही मोठा असला तरी अचूक राहतो, मात्र भागाकारासाठी एकच तिरपी रेघ दिली की उत्तर पुन्हा त्याच फ्लोटिंग पॉइंट रूपात जाते. तिथे दोन तिरप्या रेघा द्याव्यात.

पडताळा : यंत्राला या संख्येतून १ वजा करायला सांगावे, मग उत्तरात पुन्हा १ मिळवायला सांगावे. शेवटचे तीन अंक ३२१ आले नाहीत तर ते यंत्र या कामापुरते बाजूला ठेवावे.

टप्पा ३ : गटांच्या कसोट्या

आता तिनाच्या गटांची सरळ बेरीज करावी : १२ + ३४५ + ६७८ + ९८७ + ६५४ + ३२१ = २९९७. १००० ला ९९९ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून संख्येची ९९९ ने येणारी बाकी आणि या बेरजेची बाकी एकच असते. २९९७ म्हणजे ९९९ ची तिप्पट. तेव्हा संख्येला ९९९ ने, म्हणजे २७ × ३७ ने, नि:शेष भाग जातो.

येथे बहुतेक जण भागाकाराला लागतात. थोडे थांबून नऊ अंकांचा गट पाडून पाहावा. डावीकडे १२३४५६७८ आणि उजवीकडे ९८७६५४३२१ राहतात आणि त्यांची बेरीज ९९९९९९९९९ होते. म्हणजे संख्येला ९९९९९९९९९ नेही भाग जातो. लांबलचक भागाकार करण्यापूर्वी गटाची लांबी ३, ६, ९ अशी बदलून पाहण्याला दोन मिनिटे लागतात. ती न दिल्याने पाने खर्ची पडलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

सावधान : "अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो" हे वाक्य दर वर्षी निम्म्या वह्यांत असते. निष्कर्ष खरा आहे, कारण खोटे आहे. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच चालते. ९९१८ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागले तर बाकी ९ उरते. ८१ ने भाग जातो याचे खरे कारण पुढच्या टप्प्यात मिळते.

टप्पा ४ : मोठा अवयव वेगळा काढणे

नऊ अंकी गटांवरून भागाकार न करताच गुणाकार मिळतो. आपली संख्या म्हणजे १२३४५६७८ × १०००००००००, अधिक ९८७६५४३२१. एक अब्जाच्या जागी "९९९९९९९९९ अधिक १" असे लिहिले की १२३४५६७८ × ९९९९९९९९९ हा एक भाग होतो आणि १२३४५६७८ + ९८७६५४३२१ हा दुसरा. दुसरा भाग स्वतःच ९९९९९९९९९ आहे. म्हणून :

संख्या = ९९९९९९९९९ × १२३४५६७९

सावधान : दुसऱ्या अवयवात ८ नाही. तो लेखनदोष नव्हे. हात सवयीने १२३४५६७८९ असे लिहून मोकळा होतो आणि ती चूक शेवटपर्यंत सोबत येते. अंक आठ आहेत आणि त्यांची बेरीज ३७ आहे, एवढे तपासून पुढे जावे.

आता १२३४५६७९ × ९ करून पाहावे. उत्तर १११११११११, नऊ एक. आणि ९९९९९९९९९ म्हणजे १११११११११ ची नऊपट. पहिल्या अवयवातला एक ९ दुसऱ्याला दिला की दोन्ही अवयव सारखे होतात :

संख्या = १११११११११ × १११११११११

म्हणजेच ती ८१ × १२३४५६७९ × १२३४५६७९ आहे. ८१ ने भाग जाण्याचे कारण हे.

टप्पा ५ : वर्गमूळाने उलट तपासणी

संख्या पूर्ण वर्ग आहे हे मिळाले, तरी ते स्वतंत्र वाटेने तपासावे, कारण येथून पुढचे सगळे यावर उभे आहे. शाळेत शिकवतात त्या भागाकार पद्धतीने उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडाव्यात : १ । २३ । ४५ । ६७ । ८९ । ८७ । ६५ । ४३ । २१. गट नऊ, म्हणून वर्गमूळ नऊ अंकी असणार.

पहिल्या १ मधून १ गेला. २३ उतरवले, भाजक २१, बाकी २. पुढची जोडी घेऊन २४५, भाजक २२१, बाकी २४. मग २४६७, भाजक २२२१, बाकी २४६. मग २४६८९, भाजक २२२२१, बाकी २४६८. मग २४६८८७, भाजक २२२२२१, बाकी २४६६६. मग २४६६६६५, भाजक २२२२२२१, बाकी २४४४४४. मग २४४४४४४३, भाजक २२२२२२२१, बाकी २२२२२२२. शेवटची जोडी उतरवली की २२२२२२२२१ होतात आणि भाजकही २२२२२२२२१ च आहे. बाकी शून्य. प्रत्येक वेळी भागाकारात १ च बसला, म्हणून वर्गमूळ १११११११११.

सावधान : हाच नमुना दहा एकांना लावू नये. ११११११११११ चा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो, कारण मधल्या स्थानी दहा जमतात आणि हातचा डावीकडे जातो. "१ ते १० आणि परत" अशी संख्या तेथे येत नाही.

टप्पा ६ : वर्गमूळाचे अवयव

अवयव पाडायचे ते वर्गमूळाचे, वर्गाचे नव्हे. सतरा अंकांऐवजी नऊ अंकांवर काम होते आणि शेवटी प्रत्येक घातांक दुप्पट केला की झाले. १११११११११ = ९ × १२३४५६७९ हे हातात आहेच. १२३४५६७९ चे गट १२ + ३४५ + ६७९ = १०३६, पुन्हा गट पाडले तर १ + ३६ = ३७. म्हणून ३७ ने भाग जातो आणि भागाकार ३३३६६७ येतो. त्याच्या अंकांची बेरीज २८ असल्याने त्यात ३ नाही, आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६ असल्याने ३७ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून त्यात दुसरा ३७ ही नाही.

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

टप्पा ७ : ३३३६६७ मूळ आहे हे सिद्ध करणे

सर्वाधिक वह्या अडतात त्या येथे, आणि अडतात म्हणण्यापेक्षा न अडता पुढे जातात, हेच दुखणे आहे. "३३३६६७ चे अवयव सापडले नाहीत, म्हणून मूळ" एवढे लिहून मुले विभाजक मोजायला घेतात. किती दूरवर शोधले, ते लिहिलेले नसते. अवयव न सापडणे हा पुरावा नाही. शोध वर्गमूळापर्यंत पोहोचला असेल तरच तो पुरावा होतो.

५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४. म्हणून ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. त्या १०६ आहेत. धीर असेल त्याने १०६ भागाकार करावेत, ते चुकीचे नाही. पण थोडा विचार केला तर काम सतरा भागाकारांवर येते.

३३३६६७ × २९९७ करून पाहावे. ३००० ने गुणले तर १००१००१०००, त्यातून तिप्पट म्हणजे १००१००१ वजा केले की ९९९९९९९९९ उरतात. समजा मूळ संख्या प ने ३३३६६७ ला भाग जातो. मग तिने ९९९९९९९९९ लाही भाग जातो, म्हणजे १० च्या नवव्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ देणारा १० चा सर्वांत लहान घातांक ९ चा विभाजक असला पाहिजे, म्हणजे १, ३ किंवा ९. तो १ असेल तर प ने ९ ला भाग जाईल, म्हणजे प = ३, आणि तो वर बाद झाला आहे. तो ३ असेल तर प ने ९९९ ला भाग जाईल, म्हणजे प = ३ किंवा ३७, आणि दोन्ही बाद आहेत. राहिला घातांक ९. फर्माच्या प्रमेयानुसार १० च्या (प – १) व्या घाताची बाकीही १ असते, म्हणून ९ ने प – १ ला भाग जातो. प विषम आहे, म्हणून १८ नेही जातो.

तेव्हा १८ ने भागल्यावर १ उरेल अशाच मूळ संख्या तपासायच्या : १९, ३७, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. ३३३६६७ ला यांनी भागल्यावर येणाऱ्या बाक्या याच क्रमाने अशा आहेत : ८, १, ५७, १८, ३८, ६, ८४, १४३, ६६, २६५, १४७, १८७, २५७, ७२, ५१६, ४११, १६१. एकही शून्य नाही, म्हणून ३३३६६७ मूळ आहे.

यादी करताना ५५, ९१, २१७, २५३, ४५१, ४६९, ५५९ या संयुक्त संख्या मूळ समजून घेतल्या तरी नुकसान फक्त वेळेचे होते. एखादी मूळ संख्या गाळली तर मात्र सिद्धता मोडते. म्हणून आधी १९, ३७, ५५, ७३ अशी १८-१८ ची पूर्ण रांग लिहावी आणि मगच त्यातल्या संयुक्त संख्या खोडाव्यात. सरळ मूळ संख्यांच्या यादीवर डोळे फिरवून निवडू नये.

पडताळा : ३३३६६७ – १ = ३३३६६६ आणि ३३३६६६ ÷ १८ = १८५३७. संख्या स्वतःही त्याच नियमात बसते. बसली नसती तर वर कोठेतरी चूक असती.

टप्पा ८ : विभाजकांची संख्या, बेरीज आणि सहमूळ संख्या

आता घातांक दुप्पट करावेत. ३ चा घातांक ४, ३७ चा २, ३३३६६७ चा २. हे एका चौकटीत लिहून तिच्याभोवती रेघ मारावी. याआधी या टप्प्यातले एकही सूत्र वापरू नये.

विभाजकांची संख्या : प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार, ५ × ३ × ३ = ४५. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या विषमच असते. सम आली तर घातांक दुप्पट करताना चूक झाली आहे. प्रत्यक्ष यादी करायची असेल तर आधी ८१ × १३६९ चे पंधरा विभाजक लिहावेत : १, ३, ९, २७, ८१, ३७, १११, ३३३, ९९९, २९९७, १३६९, ४१०७, १२३२१, ३६९६३, ११०८८९. मग याच पंधरांना ३३३६६७ ने आणि नंतर त्याच्या वर्गाने, म्हणजे १११३३३६६६८८९ ने, गुणावे. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला, म्हणजे तेविसावा विभाजक १११११११११ आला पाहिजे.

विभाजकांची बेरीज : ८१ साठी १ + ३ + ९ + २७ + ८१ = १२१. ३७ च्या वर्गासाठी १ + ३७ + १३६९ = १४०७. ३३३६६७ च्या वर्गासाठी १११३३४०००५५७. तिन्हींचा गुणाकार १८९५४२७९५९२८२७५७९.

सावधान : येथे ३७ च्या वर्गासाठी (१ + ३७) दोनदा घेऊन ३८ × ३८ = १४४४ असे लिहिलेले मी वारंवार पाहतो. दोन संख्यांच्या विभाजकांच्या बेरजांचा गुणाकार चालतो तो त्या संख्या सहमूळ असतील, म्हणजे त्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसेल, तेव्हाच, आणि ३७ हा ३७ शी सहमूळ नाही. ३ साठी ४ चा चौथा घात २५६ घेणे ही तीच चूक.

पडताळा : गुणाकारात १२१ आणि १४०७ असल्याने उत्तराला ११ ने आणि ७ ने भाग गेलाच पाहिजे. आळीपाळीने गट घेतले तर ५७९ – ८२७ + ५९२ – २७९ + ९५४ – १८ = १००१. जमले. ही बेरीज संख्येच्या दुपटीहून, म्हणजे २४६९१३५७९७५३०८६४२ हून, लहान आहे, म्हणजे स्वतःखेरीजच्या विभाजकांची बेरीज संख्येहून कमी भरते, म्हणून संख्या न्यून प्रकारात मोडते.

सहमूळ संख्यांची मोजणी (१ पासून आपल्या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या किती), म्हणजे ऑयलरचे फल : ८१ साठी ५४, ३७ च्या वर्गासाठी ३७ × ३६ = १३३२ (३६ × ३६ नव्हे), ३३३६६७ च्या वर्गासाठी ३३३६६७ × ३३३६६६. सोपी मांडणी अशी की वर्गमूळाचे फल ६ × ३६ × ३३३६६६ = ७२०७१८५६ काढावे आणि त्याला वर्गमूळाने गुणावे. ७२०७१८५६ ÷ ९ = ८००७९८४, आणि ८००७९८४ × ९९९९९९९९९ = ८००७९८३९९१९९२०१६.

टप्पा ९ : दोन वर्गांची बेरीज

४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या मूळ अवयवांचे घातांक सम आहेत का ते पाहावे. ३ चा ४, ३३३६६७ चा २. दोन्ही सम, म्हणून मांडणी शक्य आहे. शून्याखेरीजची मांडणी ३७ मुळे मिळते : ३७ चा वर्ग = ३५ चा वर्ग + १२ चा वर्ग. १११११११११ ÷ ३७ = ३००३००३, त्याने दोघांना गुणले की आपली संख्या १०५१०५१०५ आणि ३६०३६०३६ यांच्या वर्गांची बेरीज ठरते. दोन्ही धन असतील अशी एवढी एकच जोडी आहे. ३ किंवा ३३३६६७ वापरून दुसरी जोडी शोधण्यात वेळ घालवू नये, ती मिळत नाही.

टप्पा १० : अंकांवर अवलंबून असलेले गुणधर्म

हे मुद्दाम उशिरा घेतले आहेत, कारण ते दशमान लेखनाचे गुणधर्म आहेत आणि मुले नेमकी येथूनच सुरुवात करतात. नावे कापरेकरांच्या परंपरेतली असल्याने नाशिककरांना आपली वाटतात, तरी व्याख्या शब्दशः लावाव्यात.

हर्षद संख्या : अंकांच्या बेरजेने संख्येला भाग जातो का? बेरीज ८१, आणि ८१ ने भाग जातो हे टप्पा ४ मध्ये सिद्ध झाले. होय.

कापरेकर संख्या : २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. तसे १११११११११ चे आहे का? वर्गाचे दोन भाग मिळून ९९९९९९९९९ होतात, १११११११११ नव्हे. उत्तर नाही. बेरीज इतकी देखणी आहे की पुष्कळ जण तिच्याकडे बघून "होय" लिहितात.

स्वयंभू किंवा देवळाली संख्या : एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून आपली संख्या तयार होत नसेल तरच ती स्वयंभू. अशी जनक संख्या शोधताना सगळे पर्याय चाळत बसू नये. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, आणि आपल्या संख्येला ९ ने भाग जात असल्याने जनक संख्येची अंकबेरीजही ९ च्या पटीत असावी लागते. वजाबाकीत शेवटचे तीन अंकच बदलतात, आधीच्या चौदा अंकांची बेरीज ७५ कायम राहते. ८१ वजा करून पाहावे : शेवटी २४० येतात, ७५ + ६ = ८१. जनक संख्या १२३४५६७८९८७६५४२४० सापडली, म्हणून आपली संख्या स्वयंभू नाही.

टप्पा ११ : व्यस्त संख्येचे आवर्तन

१ ला या संख्येने भागल्यावर येणाऱ्या दशांशात किती अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो? प्रत्येक अवयवासाठी १० चा बाकी १ देणारा सर्वांत लहान घातांक काढावा. ८१ साठी तो ९ आहे, १ ÷ ८१ = ०.०१२३४५६७९… हे प्रत्यक्ष भागून पाहता येते. ३७ साठी ३, पण ९९९ मध्ये ३७ एकदाच असल्याने ३७ च्या वर्गासाठी ३ × ३७ = १११. तसेच ३३३६६७ च्या वर्गासाठी ९ × ३३३६६७ = ३००३००३.

सावधान : या तीन लांब्यांचा गुणाकार करायचा नाही, लसावि काढायचा. गुणाकार केला तर उत्तर २७ पट मोठे येते.

लसावि ९ × ३७ × ३३३६६७ = १११११११११. आवर्तनाची लांबी संख्येच्या वर्गमूळाइतकीच निघते.

सरावासाठी दहा एकांचा वर्ग, १२३४५६७९००९८७६५४३२१, घ्यावा. त्याच्या वर्गमूळाचे अवयव ११ × ४१ × २७१ × ९०९१ येतात, आणि टप्पा ७ मधली युक्ती ९०९१ ला लावताना ९ च्या जागी १० घातांक धरून सुरुवात करावी. मात्र दिसायला तशीच असलेली १२३४५६७८९१०९८७६५४३२१ ही वीस अंकी संख्या कोणी सरावाला घेऊ नये. ती मूळ संख्या आहे, आणि तिचा निकाल भागाकाराने लावायचा तर साडेतीन अब्जांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासाव्या लागतील. गेल्या वर्षी एका मुलाने ती हौसेने घेतली आणि ९९७ पर्यंत येऊन थांबला. त्याच्या वहीत शेवटी लिहिलेले होते, "९९७ पर्यंत अवयव नाही." त्या पानावर मी बरोबरची खूण केली, कारण जेवढे तपासले तेवढेच त्याने लिहिले होते.